माउस आणि रॅटच्या मेंदूचं विच्छेदन: परवानगीपासून फ्रीझरपर्यंत

मेंदूचा नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा कात्री लागण्याआधीच. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं मोजायच्या चाचणीत, एका गटात फॉस्फो-प्रथिनाची (फॉस्फेट जोडलेल्या प्रथिनाची) पट्टी जाड दिसते, सगळे खूश होतात आणि पुढच्या तुकडीत तो फरक गायब होतो. मग नोंदवही काढून पाहिलं की कळतं, पहिल्या वेळी कंट्रोल गट सकाळी नऊला उरकला होता आणि औषध दिलेला गट जेवणानंतर. औषधाचा म्हणून जो परिणाम मोजला तो घड्याळाचा होता. प्राणी गेले, महिने गेले, हाती काही नाही.

फार्माकॉलॉजी, जीवरसायन किंवा न्यूरोसायन्सच्या प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. भर प्रौढ माउस आणि रॅटवर, त्यातही ताज्या मेंदूतून हिप्पोकॅम्पस, स्ट्रायटम, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि हायपोथॅलॅमस वेगळे करण्यावर आहे. नुसतं वाचून हात बसत नाही. हे काम अनुभवी माणूस शेजारी उभा असतानाच शिकायचं. पण कुठे बघायचं आणि का, हे आधी माहीत असलं तर शिकण्यात कमी प्राणी खर्ची पडतात. माझ्या दृष्टीने लिहिण्याचं कारण तेच.

ऊतक कशासाठी हवं, हे आधी

आरएनए, प्रथिनं, न्यूरोट्रान्समीटर, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (कापात अँटिबॉडीने प्रथिन शोधणं) आणि जिवंत स्लाइसवरची इलेक्ट्रोफिजिऑलॉजी (पेशींचे विद्युत संदेश मोजणं), या प्रत्येकाची वाट पहिल्याच मिनिटाला फुटते. फॉर्माल्डिहाइडने पक्क्या केलेल्या मेंदूवर नेहमीसारखा वेस्टर्न ब्लॉट जमत नाही. ताज्या गोठवलेल्या मेंदूत पेशींची रचना परफ्यूज केलेल्या, म्हणजे रक्तवाहिन्यांतून द्राव सोडून पक्क्या केलेल्या, मेंदूइतकी नीट टिकत नाही. त्यामुळे "आधी मेंदू काढून ठेवू, मग बघू" असं चालत नाही.

दोन्ही हवं असेल तर दोन मार्ग आहेत. काही प्राणी परफ्यूजनसाठी वेगळे काढायचे, किंवा ताज्या मेंदूचे मधोमध दोन भाग करून एक अर्धा पॅराफॉर्माल्डिहाइडच्या द्रावात, पीएफएमध्ये, बुडवायचा आणि दुसऱ्याचं विच्छेदन करायचं. बुडवून पक्का केलेला अर्धा परफ्यूज केलेल्या मेंदूइतका चांगला येत नाही, कारण रक्तवाहिन्यांत रक्त राहतं आणि द्राव आत झिरपायला वेळ लागतो. तरीही बऱ्याच अँटिबॉडींसाठी तो पुरतो आणि प्राणी निम्मे लागतात. अर्धे करणार असाल तर एका प्राण्याचा डावा, पुढच्याचा उजवा असं आलटून पालटून घ्या. नाहीतर डाव्या-उजव्या बाजूचा फरक तुमच्या पद्धतीच्या फरकात मिसळतो.

फॉस्फोरिलेशन मोजायचं असेल तर भुलीचा विचार आत्ताच करा. केटामिन एनएमडीए रिसेप्टर अडवतं, म्हणजे ग्लुटामेटच्या मार्गावर काम करणाऱ्याने त्या भुलीखाली ऊतक घेणं हे मोजायच्या गोष्टीलाच हात लावण्यासारखं आहे. भुलीत शरीराचं तापमान उतरतं आणि तेवढ्यानेही टाऊ प्रथिनावर फॉस्फेट वाढतात. अल्झायमरच्या मॉडेलवर काम करणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

परवानगी आणि सराव

भारतात प्राण्यांवरचे प्रयोग 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि 1998 च्या नियमांखाली येतात. देखरेख केंद्र सरकारची समिती सीसीएसईए करते, जिचं आधीचं नाव सीपीसीएसईए होतं. माउस आणि रॅटसाठी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची, आयएईसीची, मंजुरी लागते. मंजुरीच्या अर्जात, फॉर्म बीमध्ये, प्राण्यांची संख्या, भूल आणि मृत्यूची पद्धत स्पष्ट लिहावी लागते आणि टेबलावर नेमकं तेच करायचं असतं. "आज आयसोफ्लुरेन संपलंय, दुसरं काहीतरी वापरू" हे मंजुरीत बसत नाही. अशा दिवशी काम पुढे ढकला.

सरावासाठी नवे प्राणी मागवू नका. अॅनिमल हाऊसमध्ये इतर मंजूर प्रयोगांतून आलेली मृत शरीरं असतात. प्रमुखांची आणि समितीची संमती घेऊन त्यांच्यावर हात बसवा. कवटी काढण्याचा सराव तर यकृत किंवा मूत्रपिंड घेऊन झालेल्या कुठल्याही प्राण्यावर होतो. रसेल आणि बर्च यांनी 1959 साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी संख्या कमी करण्याचं तत्त्व पाळायची ही सगळ्यात सोपी जागा आहे, आणि मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षितही.

टेबल मांडताना

हत्यारं थोडीच लागतात, पण ती धारदार हवीत. मोठी कात्री कातडी आणि मानेच्या स्नायूंसाठी, बारीक टोकाची कात्री कवटीसाठी, एक वाकडा चिमटा, दोन बारीक चिमटे, बोथट कडांचा छोटा स्पॅच्युला. रॅटसाठी रॉन्जर, म्हणजे हाड तोडायचा चिमटा, हवाच, कारण त्याची कवटी माउसपेक्षा बरीच जाड असते. शिवाय मेंदूचा साचा, म्हणजे मॅट्रिक्स, आणि नवी दाढीची पाती. कवटीची कात्री कवटीशिवाय कशालाही लावू नका. तिच्यावर रंगीत टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे कुणी तिने कागद कापणार नाही.

बर्फाच्या ट्रेवर काचेची पेट्री डिश उलटी ठेवा, वर थंड पीबीएसने (क्षारयुक्त बफर द्रावाने) भिजवलेला फिल्टर पेपर. विच्छेदन याच थंड काचेवर. मॅट्रिक्स आणि पाती अर्धा तास आधीच बर्फात. मेंदू खोलीच्या तापमानाला लगेच लिबलिबीत होतो आणि मग कुठलीही सीमा नीट कापली जात नाही. मुंबईत मे महिन्यात एसी बंद असताना हे काम करू नये, इतका तापमानाचा फरक पडतो.

आरएनएचं काम असेल तर हत्यारं आरनेझ (आरएनए तोडणारं विकर) काढणाऱ्या द्रावाने पुसा आणि हातमोजे बदलत राहा. ड्राय आइस आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि आल्यावर किती शिल्लक आहे ते बघा. ट्यूबवर लेबलं आदल्या संध्याकाळी लिहा: प्राण्याचा क्रमांक, भाग, बाजू, तारीख. गटाचं नाव लेबलवर लिहू नका. कुठला प्राणी कुठल्या गटातला हे कापणाऱ्याला कळता कामा नये, कारण हिप्पोकॅम्पसची कड कुठे संपवायची हा निर्णय हाताचा असतो आणि हात मनाचं ऐकतो.

प्राणी शांत हवा

पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवला की तणावाचा प्रतिसाद सुरू होतो. रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे तणावाचं संप्रेरक, साधारण तीन मिनिटांत चढू लागतं. सी-फॉस हे चेतापेशी उत्तेजित झाल्याची खूण असलेलं जनुक, त्याचा एमआरएनए अर्ध्या तासात आणि प्रथिन तास-दीड तासात शिखरावर जातं. म्हणून प्राणी आधीच त्या खोलीत आणून सवय होऊ द्या, शक्यतो आदल्या दिवसापासून. मृत्यूची जागा बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, रक्त लगेच पुसा, मोजे बदला. एका पिंजऱ्यातले प्राणी एकेक करून काढत बसलात तर शेवटच्याचा मेंदू पहिल्यासारखा राहत नाही. पिंजऱ्यातला कितवा प्राणी होता, ही नोंद विश्लेषणात कामी येते.

वेळेचा मुद्दा मी सुरुवातीलाच काढला. निशाचर प्राण्यांत कॉर्टिकोस्टेरॉन अंधार पडायच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि मेंदूतली कित्येक जनुकंही दिवसभरात वरखाली होतात. दिवसातली दोन-तीन तासांची एक खिडकी ठरवा आणि त्या खिडकीत गट मिसळून घ्या: एक कंट्रोल, एक उपचार, पुन्हा कंट्रोल. अख्खा प्रयोग एका दिवसात होत नसेल तर प्रत्येक दिवशी सगळे गट थोडे थोडे घ्या.

मृत्यूची पद्धत मंजुरीप्रमाणे. कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर सिलिंडरला फ्लोमीटर हवा. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या, एव्हीएमएच्या, 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के वायू सोडायला सांगितलं आहे. आधीच भरलेल्या पेटीत प्राणी टाकू नये. नवजात पिल्लं कमी ऑक्सिजन बराच वेळ सोसतात, त्यांना हा वायू पुरत नाही. पण मेंदूच्या रसायनासाठी कार्बन डायऑक्साइड मुळात चांगला पर्याय नाही, कारण ऊतक आम्लीय होतं आणि ऑक्सिजनविना वेळ जातो. आयसोफ्लुरेनची थोडक्या वेळाची खोल भूल, पायाचं बोट दाबून प्रतिसाद नाही याची खात्री, मग लगेच गिलोटिन, ही पद्धत बऱ्याच प्रयोगशाळांत वापरतात. गिलोटिनचं पातं बोथट असेल तर ते क्रौर्य आहे. दर वेळी तपासा आणि धार लावल्याची तारीख यंत्रावर चिकटवा.

इथून घड्याळ चालू होतं. एटीपी पहिल्या मिनिटातच घसरतो, लॅक्टेट वाढतं, फॉस्फोरिलेशन बदलू लागतं. आरएनए त्यामानाने चिवट असतो. दोन-तीन मिनिटांनी त्याचं फारसं काही बिघडत नाही, पुढे गोठवलेला तुकडा वितळला तर मात्र बिघडतं. तरीही प्रत्येक प्राण्याला सारखाच वेळ लागला पाहिजे. टायमर लावा आणि डोकं वेगळं झाल्यापासून शेवटची ट्यूब गोठेपर्यंतची मिनिटं नोंदवा.

कवटी उघडणं

बहुतेकांचा मेंदू फाटतो तो इथे, म्हणून सावकाश सांगतो.

मानेकडून नाकाकडे कातडीला मधोमध एक चीर द्या आणि दोन्ही बाजूंना सोला. मागे राहिलेले मानेचे स्नायू आणि मणक्याचा तुकडा उरला असेल तर तो काढा, म्हणजे कवटीच्या मागचं मोठं छिद्र, फोरामेन मॅग्नम, स्वच्छ दिसेल. आत मेंदूच्या देठाचं पांढरं टोक दिसतं.

बारीक कात्रीचं एक टोक या छिद्रातून डाव्या कडेला घाला आणि कानाच्या दिशेने कवटी कापा. मग उजवीकडे तसंच. कात्रीचं आतलं टोक नेहमी हाडाला वरच्या बाजूने टेकलेलं ठेवा, मेंदूकडे झुकवू नका. पूर्ण विच्छेदनात हीच एक सवय अंगी बाणवायची. आता लहान मेंदूवरचं मागचं हाड चिमट्याने वर उचललं की निघून येतं. रॅटमध्ये हे काम रॉन्जरने, चिमूट चिमूट तोडत.

इथे एक जागा सांभाळा. लहान मेंदूच्या दोन्ही बाजूंना पॅराफ्लॉक्युलस नावाचे छोटे गोळे असतात आणि ते कानाच्या हाडातल्या खळग्यात घट्ट बसलेले असतात. मेंदू ओढला तर ते तुटून तिथेच राहतात. लहान मेंदूचं वजन किंवा त्यातलं प्रथिन मोजणाऱ्याने त्या खळग्याची कड आधी तोडून घ्यायची.

मग कवटीच्या मधल्या सांध्यावरून पुढे, डोळ्यांच्या मधोमधपर्यंत कापत जा. टोक वरच. डोळ्यांच्या मध्ये आडवा छेद द्या, कारण तिथलं हाड तुटल्याशिवाय पुढचे दोन घ्राणकंद सुटत नाहीत. आता एका बाजूचं पार्श्वहाड चिमट्याने आतल्या कडेला पकडा आणि बाहेरच्या दिशेने वळवा. ते सरळ वर उपटायचं नाही.

हाड उचलताना मेंदूला चिकटलेला पातळ पारदर्शक पडदा दिसला तर थांबा. तो ड्युरा आहे. मधल्या शिरेच्या रेषेत आणि मोठ्या व लहान मेंदूच्या मधल्या फटीत तो हाडाला धरून असतो. तो न कापता हाड खेचलं तर पडदा कॉर्टेक्समध्ये सुरीसारखा रुततो आणि मेंदूवर लांब चीर पडते. बारीक कात्रीने पडदा सोडवा, मगच हाड बाजूला करा. या पायरीवर दहा सेकंद जास्त गेली तरी चालतील.

कवटी उघडली की डोकं उलटं धरा. स्पॅच्युला घ्राणकंदांच्या खाली सरकवा आणि मेंदू स्वतःच्या वजनाने किंचित खाली येऊ द्या. तळाशी दृष्टिचेता दिसतील, पांढऱ्या ताठ दोऱ्या. त्या कापा. त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना जाड पांढरे पट्टे आहेत, ट्रायजेमिनल चेता. त्याही कापा. न कापता ओढलं तर हायपोथॅलॅमसचा तळ फाटतो. मेंदू आता थंड पीबीएसमध्ये पडू द्या, दोन-तीन सेकंद हलवून रक्त धुवा, आणि बर्फाच्या काचेवर घ्या. पिट्युटरी सहसा कवटीच्या तळाशी खळग्यातच राहते. ती मेंदूसोबत आली असेल तर लगेच काढा.

प्रौढ माउसचा मेंदू साधारण 0.4 ते 0.5 ग्रॅम भरतो, रॅटचा 2 ग्रॅमच्या आसपास. सरावलेल्या हाताला इथपर्यंत माउससाठी मिनिटभर पुरतं. रॅटला थोडं जास्त लागतं.

भाग वेगळे करणं

रॅटच्या मेंदूचे हाताने भाग करण्याची जी पद्धत आजही शिकवली जाते तिचं मूळ ग्लोविन्स्की आणि आयव्हर्सन यांच्या 1966 च्या कामात आहे. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतले कॅटेकोलअमाइन्स मोजायचे म्हणून त्यांनी मेंदू सात भागांत विभागला. सीमा ठरवताना त्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा घेतल्या: दृष्टिचेता एकमेकींना ओलांडतात ती जागा (ऑप्टिक कायझम), अँटीरियर कमिशर हा पांढऱ्या तंतूंचा आडवा पट्टा, मॅमिलरी बॉडीज हे तळाचे दोन छोटे उंचवटे. खुणा डोळ्यांनी दिसणाऱ्या हव्यात हे त्या पद्धतीचं बळ आहे. तुम्ही क्रम बदललात तरी चालेल, पण सीमा अशाच ठरवा की दुसऱ्या माणसाने कापलं तरी तीच यावी, आणि त्या लिहून भिंतीवर लावा.

मी पुढचा क्रम पाळतो.

मेंदू उलटा, तळ वर. हायपोथॅलॅमस आधी, कारण तो उघडा असतो आणि पुढच्या हाताळणीत चेंगरतो. पुढची सीमा ऑप्टिक कायझमच्या लगेच मागे, मागची सीमा मॅमिलरी बॉडीजच्या पुढे किंवा मागे, जी ठरवाल ती कायम. दोन्ही बाजूंना एक उथळ खाच दिसते, तीच कड. वाकड्या चिमट्याने किंवा पात्याने माउसमध्ये साधारण 2 मिमी खोलीपर्यंतचा तुकडा उचला. जास्त खोल गेलात तर थॅलॅमस येतो.

मेंदू सुलटा करा. लहान मेंदू स्पॅच्युलाने उचलून देठापासून वेगळा करा. मग पात्याने मधोमध दोन भाग.

हिप्पोकॅम्पससाठी अर्धा मेंदू असा ठेवा की आतली, मधली बाजू तुमच्याकडे येईल. थॅलॅमस आणि मध्यमेंदू स्पॅच्युलाच्या बोथट कडेने हळूच खाली ढकला. कॉर्टेक्स आणि थॅलॅमसच्या मध्ये एक पोकळी उघडते, ते पार्श्व निलय. तिच्या छताशी काजूसारखा वळलेला, चकचकीत, कडेला पांढरी पट्टी असलेला भाग दिसतो. तो हिप्पोकॅम्पस आणि पांढरी पट्टी म्हणजे फिम्ब्रिया. वरचं टोक आधी सोडवा, मग स्पॅच्युला हिप्पोकॅम्पस आणि कॉर्टेक्सच्या मध्ये सरकवून त्याला बाहेर लोळवा. तो ओढायचा नाही, लोळवायचा आहे. नीट जमलं तर तो अखंड सुटतो आणि कॉर्टेक्सच्या बाजूला पांढऱ्या तंतूंचा गुळगुळीत थर मागे राहतो. पृष्ठभाग खडबडीत दिसला तर कॉर्टेक्सचा भाग सोबत आला आहे किंवा हिप्पोकॅम्पसचा काही भाग मागे राहिला आहे.

आता भिंग घ्या. निलयात गुलाबी-लालसर, झालरीसारखा नाजूक दोर दिसतो, तो कोरॉइड प्लेक्सस. हिप्पोकॅम्पसला तो सहज चिकटून येतो. तो प्रत्येक नमुन्यातून बारीक चिमट्याने काढलाच पाहिजे. या ऊतकात ट्रान्सथायरेटिन, म्हणजे टीटीआर, इतकं प्रचंड असतं की कणभर राहिलं तरी आरएनए-सीक्वेन्सिंगमध्ये ते जनुक वर चढलेलं दिसतं. टीटीआर वाढलं म्हणून मांडलेल्या कित्येक निष्कर्षांमागे नुसतं न काढलेलं कोरॉइड प्लेक्सस असू शकतं. माउसच्या एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण 10 ते 15 मिग्रॅ भरतो. प्रत्येक तुकड्याचं वजन लिहा. ट्यूबचं रिकामं वजन आधी घेतलं तर यात वेळ जात नाही, आणि कोणाचा हात कुठे घसरला ते लगेच दिसतं.

स्ट्रायटम आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हाताने अखंड मेंदूतून काढण्यापेक्षा मॅट्रिक्समधून काप काढून घ्यावेत. तेव्हा मेंदू मधोमध कापायचा नाही, अखंड ठेवायचा. माउसच्या मॅट्रिक्समध्ये खाचा सहसा 1 मिमीवर असतात. मेंदू खाली तळ करून, मधली रेषा मॅट्रिक्सच्या मधल्या रेषेवर आणून बसवा. वाकडा बसला तर डाव्या आणि उजव्या बाजूचे काप वेगवेगळ्या पातळीचे येतात. पहिलं पातं घ्राणकंदांच्या मागे, मग पुढच्या खाचांत एकेक पातं दाबून सगळी आत ठेवा आणि शेवटी एकदम उचला.

काप काचेवर ओळीने मांडा आणि पॅक्सिनोस यांच्या अॅटलासची पानं शेजारी उघडी ठेवा. माउसमध्ये ब्रेग्माच्या (कवटीवरचे सांधे मिळतात त्या बिंदूच्या) पुढे साधारण 1.4 ते 2.4 मिमीच्या कापात मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मेडियल प्रीफ्रंटल येतो. त्याची बाहेरची कड म्हणजे कॉर्पस कॅलोसमचा पुढे आलेला पांढरा पट्टा. त्यामागच्या कापात पांढऱ्या छताखाली धूसर, बारीक पांढऱ्या रेघा असलेला गोल दिसतो, तो स्ट्रायटम. खालच्या बाजूला अँटीरियर कमिशरचा पांढरा ठिपका शोधा. त्याच्या भोवतीचा भाग न्यूक्लियस अक्युम्बेन्स. स्ट्रायटम हवा असेल तर ठिपक्याच्या पातळीच्या वरच थांबा.

यापेक्षा लहान केंद्रकं, अमिग्डालाचे उपभाग किंवा पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रक, ताज्या मेंदूतून घेण्याचा प्रयत्न करू नका. त्यांच्यासाठी हंगेरीच्या पाल्कोविट्स यांनी 1973 मध्ये मांडलेली पंच पद्धत आहे. अख्खा मेंदू गोठवायचा, क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठलेल्या ऊतकाचे काप काढायच्या यंत्रावर, 300 मायक्रॉनचे काप घ्यायचे आणि थंड पोकळ सुईने गोल तुकडा उचलायचा. क्रायोस्टॅट साधारण उणे 10 अंशांवर असला तर पंच स्वच्छ सुटतो, त्याहून थंड असेल तर काप तडकतो. पंच घेतलेला काप टाकू नका. तो पक्का करून क्रेसिल व्हायोलेटने रंगवा. छिद्र कुठे पडलं, हाच तुमचा पुरावा.

गोठवणं

ट्यूबमधला छोटा तुकडा ड्राय आइसमध्ये पुरा किंवा द्रव नायट्रोजनमध्ये टाका. अख्खा मेंदू थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकला तर तडे जातात. त्यासाठी ड्राय आइसवर उणे 40 ते 50 अंशांपर्यंत थंड केलेलं आयसोपेंटेन घ्या. ते पेट घेतं, म्हणून फ्यूम हूडमध्ये आणि ठिणगीपासून लांब. द्रव नायट्रोजनात बुडलेली घट्ट बंद ट्यूब बाहेर काढताना फुटू शकते. चेहऱ्यावर शील्ड हवीच.

नंतर सगळं उणे 80 अंशांत. एकाच प्राण्याचे तुकडे शक्य असेल तर दोन फ्रीझरमध्ये विभागून ठेवा. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही असं सुट्टीच्या दिवशीच होतं. वापरताना तुकडा गोठलेलाच असताना थंड बफरमध्ये किंवा ट्रायझॉल या आरएनए काढायच्या द्रावात टाकून लगेच दळा. वितळवून मग बफर घालणं म्हणजे आरनेझ आणि प्रथिनं तोडणारं प्रोटिएझ यांना मोकळं रान. फॉस्फो-प्रथिनांसाठी बफरमध्ये फॉस्फटेज रोधक त्याच दिवशी घाला.

परफ्यूजन आणि जिवंत स्लाइस, थोडक्यात

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी खोल भूल, छाती उघडून डाव्या जवनिकेच्या टोकातून सुई, उजव्या अलिंदाला छेद. आधी हेपरिन घातलेलं सलाइन, मग 0.1 मोलर फॉस्फेट बफरमधलं 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, पीएच 7.4. माउसला साधारण 20 ते 30 मिली सलाइन आणि 30 ते 50 मिली पीएफए, रॅटला दोन्ही काही पटींनी जास्त. यकृताचा रंग उडून ते फिकट होतंय का, हे बघा. नाकातून द्राव आला किंवा फुप्फुसं फुगली तर सुई उजव्या बाजूला घुसली आहे किंवा दाब जास्त आहे. पीएफए पोहोचताच शेपूट आणि पाय थरथरतात. ती स्नायूंची रासायनिक प्रतिक्रिया असते, पण त्याआधी भूल पूर्ण खोल असल्याची खात्री झालेली हवी. मेंदू रात्रभर 4 अंशांत त्याच द्रावात, मग 30 टक्के साखरेच्या द्रावात बुडेपर्यंत. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे, म्हणून हे सगळं फ्यूम हूडमध्येच.

स्लाइससाठी सगळा भर वेगावर. 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडलेला बर्फगार द्राव, मेंदू मिनिटभरात बाहेर, व्हायब्राटोमवर (थरथरत्या पात्याच्या यंत्रावर) 300 मायक्रॉनचे काप, आणि मग 32 ते 34 अंशांवर अर्धा तास विसावा. पेशी जिवंत राहतात की नाही हे बव्हंशी कवटी किती लवकर आणि किती न दाबता उघडली यावर ठरतं.

आवराआवर आणि पहिली तपासणी

मृत शरीरं आणि उरलेलं ऊतक 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत, जाळण्यासाठी. पाती आणि सुया शार्पच्या डब्यात. उरलेलं पीएफए बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा. फॉर्म डीमधली, म्हणजे प्राण्यांच्या वापराची, नोंद त्याच दिवशी पूर्ण करा. वापरलं नाही असं ऊतक, उरलेला अर्धा मेंदू, यकृत, प्लीहा, दुसऱ्या कुणाला हवं आहे का हे काम सुरू करण्याआधीच विचारलेलं असावं. एका प्राण्यावर तीन प्रश्न सुटले तर दोन प्राणी वाचतात.

पहिल्या तुकडीचे नमुने साठवून ठेवून पुढच्या तुकडीला लागू नका. त्यातले चार-पाच काढून खुणेची जनुकं क्यूपीसीआरवर, म्हणजे जनुकांचं प्रमाण मोजायच्या चाचणीवर, तपासा. हिप्पोकॅम्पसमध्ये डेंटेट जायरसचं प्रॉक्स1 भरपूर आणि टीटीआर नगण्य यायला हवं. स्ट्रायटममध्ये त्याची खूण असलेली डीआरडी2 आणि डार्प-32 ही जनुकं ठळक हवीत, आणि हेच प्रीफ्रंटलच्या नमुन्यात बरेच दिसले तर काप मागे सरकला आहे. हायपोथॅलॅमसमध्ये पीओएमसी अपेक्षितच आहे, पण ग्रोथ हॉर्मोन किंवा प्रोलॅक्टिन भरमसाट आलं तर पिट्युटरीचा कण सोबत गेलाय. हे आकडे आणि ट्यूबची वजनं शेजारी ठेवून बघा. ज्या भागात दोन्हींचा फैलाव मोठा असेल, त्या भागाची सीमा पुन्हा ठरवा आणि भिंतीवरचा कागद बदला. पुढचा प्राणी त्यानंतरच घ्या.